हलव्याचं लॉकेट पावसाळ्यात घामेजतं, त्यावर काय करायचं

बाळाच्या बोरन्हाणाला किंवा नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला घातलेले हलव्याचे दागिने रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बसवून घ्यायची हौस आता सातारा-कराडकडेही चांगलीच रुजली आहे. फेब्रुवारीत केलेलं लॉकेट स्वच्छ, नितळ दिसतं. मग जुलै उजाडतो आणि फोन सुरू होतात. "ताई, दाण्याभोवती पाणी दिसतंय." "कडेला चिकट लागतंय, मुंग्या येतायत." "पांढराशुभ्र हलवा होता, करडा कसा झाला?" लॉकेट माझ्याकडूनच घेतलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा व्हिडिओ बघून घरी केलेलं असतं, नाहीतर ऑनलाइन मागवलेलं. तक्रार मात्र तीच, आणि महिनाही तोच.

संशय सगळ्यात आधी रेझिनवर जातो. मग लोक भारीतली बाटली आणतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फोन करतात. रेझिन खराब निघतं, नाही असं नाही, पण या तक्रारींत ते क्वचितच दोषी असतं. 'रेझिनमध्ये घातलं की कायमचं टिकतं' हा समजच मुळात चुकीचा आहे. रेझिन जे असेल ते आत कोंडतं, बस्स. दाण्यात ओल असेल तर ओल कोंडली जाते, हवा असेल तर हवा. आणि बाहेरून शिरायला कुठे बारीकशी वाट उरली असेल, तर साखर त्या वाटेने पाणी ओढल्याशिवाय राहत नाही. म्हणून खाली जे सांगणार आहे त्यातला बराचसा भाग रेझिनची बाटली उघडण्याच्या आधीचा आहे. कंटाळून तो भाग सोडून देऊ नका.

जुलैच का?

हलवा कसा होतो ते आठवा. तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, वेलदोड्याचे दाणे, जे काही आत घ्यायचं ते परातीत मंद आचेवर हलवत राहायचं आणि वरून थोडा थोडा साखरेचा पाक सोडायचा. तो वाळला की पुन्हा सोडायचा. हे काही दिवस चालतं तेव्हा कुठे काटा फुटतो. म्हणजे हलव्याचा दाणा हा साखरेच्या बारीक स्फटिकांच्या थरांवर थर चढून झालेला असतो, आणि त्या थरांच्या फटींत हवा असते.

साखरेचा स्फटिक तसा सोशिक. 25 अंश सेल्सिअसच्या आसपास, हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या खाली असेल तर तो हवेतलं पाणी फारसं घेत नाही. त्या मर्यादेच्या वर गेलं की मात्र तो पाणी ओढतो आणि स्वतःच त्यात विरघळायला लागतो. साताऱ्यात संक्रांतीपासून मेपर्यंत दिवसा हवा इतकी दमट सहसा होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अजिंक्यताऱ्यावर ढग उतरून बसले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पाचगणी-महाबळेश्वराकडे तर कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात, तिथे साखरेची काय कथा.

याचा अर्थ असा, की लॉकेटमधली फट फेब्रुवारीपासूनच असते. ती कळते पावसाळ्यात. दाण्याचा फटीजवळचा भाग विरघळतो, त्याचा पाक होतो, पाक रेझिन आणि दाणा यांच्या मधल्या जागेत पसरतो आणि मिळेल तिथून बाहेर येतो. मुंग्यांना तेवढं पुरतं.

फट राहते कुठे?

माझ्या पाहण्यात नेहमीच्या तीन जागा आहेत.

पहिली म्हणजे खुद्द काटा. पातळ द्रव टोकावर ठरत नाही, खाली ओघळतो. ब्रशने एक हात मारला की काट्यांच्या मधल्या खळग्यांत रेझिन साचतं आणि टोकं जवळजवळ उघडी राहतात. वरून सगळीकडे चकाकी दिसते, त्यामुळे काम पुरं झालं असं वाटतं. भिंग घ्या, खिडकीशी जा आणि दाणा तिरपा धरून बघा. टोकावर चमक तुटलेली, चुन्यासारखी कोरडी दिसली तर तिथे रेझिन नाही.

दुसरी जागा दोरा, आणि याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. हलव्याचा हार, बाजूबंद, कमरपट्टा सुती दोऱ्याने बांधलेला असतो आणि खाली बहुधा पुठ्ठा असतो. लोक हाराचा एक तुकडा दोऱ्यासकट कापतात आणि साच्यात ठेवतात. दोऱ्याची टोकं रेझिनच्या कडेशी येतात. ओतताना दोऱ्यातली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडत राहते, आणि नंतर पावसाळ्यात त्याच तंतूंमधून ओल आत चढते. पुठ्ठ्याचंही तेच, वर त्याच्या अंगात मुळातच ओलावा असतो. दोरा, पुठ्ठा, जर, टिकल्या सगळं काढून टाका आणि निव्वळ दाणे घ्या. दोरा दाखवायचाच असेल तर तो आधी रेझिनमध्ये भिजवून, वाळवून घ्या आणि त्याची दोन्ही टोकं साच्याच्या कडेपासून आत ठेवा.

तिसरी जागा हूकसाठी पाडलेलं भोक. लॉकेट तयार झाल्यावर वरून ड्रिल मारलं आणि ते दाण्यात घुसलं, तर तुम्ही साखरेला दार करून दिलं. भोक दाण्यापासून लांब, नुसत्या रेझिनच्या पट्ट्यात पाडा. त्यासाठी दाणा ठेवतानाच वरची जागा रिकामी सोडावी लागते. आयपिन (टोकाला कडी असलेली बारीक तार) बसवल्यावर तिच्या भोवती यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या रेझिनचा, एक थेंब फिरवून कड बंद करा.

वाळवणं

हलवा हाताला कोरडा लागतो, त्यामुळे तो वाळवायचा म्हटलं की लोकांना गंमत वाटते. हवाबंद डब्यात तळाला सिलिका जेल (ओल शोषणारे खडे), वर जाळी, जाळीवर दाणे, आणि झाकण लावून आठवडाभर विसरून जायचं. निळ्या रंगाच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून घरात लहान मूल असेल तर नारिंगी खड्यांचं घ्या. ते ओल शोषून हिरवट झालं की बदलायचं.

आठवडा पुरेसा झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. सोनार वापरतात तसा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हल्ली स्वस्तात मिळतो. दाण्यांची एक मूठ रोज एकाच वेळेला तोलायची. वजन उतरायचं थांबलं आणि सलग दोन-तीन दिवस तेच राहिलं, की दाणे तयार. रेझिनच्या महागड्या बाटलीपेक्षा या वजनकाट्याने माझ्या ओळखीतल्या लोकांचं जास्त काम वाचवलं आहे.

फ्रीजमध्ये ठेवू नका. थंड दाणा बाहेर काढला की त्याच्यावर लगेच दव धरतं, म्हणजे केलं त्याच्या उलट. उन्हात वाळवायला हरकत नाही, पण फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारीच, आणि ऊन उतरायच्या आत डब्यात बंद करायचं. रंगीत हलवा उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

आणि हे सगळं संक्रांत झाल्या झाल्या. सहा महिने कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला हलवा श्रावणात काढून "याचं काही करा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याने तोपर्यंत ओल घेतलेली असते, काटे बोथट झालेले असतात. त्याचं चांगलं काही होत नाही. निदान डबा हवाबंद ठेवा, मग सवडीने करा. जून ते सप्टेंबर ओतकाम करूच नका, असं माझं मत आहे. गुढीपाडव्याच्या गाठी याबाबतीत नशीबवान. त्या येतातच कोरड्या दिवसांत, आणि वर सांगितलेलं सगळं त्यांनाही जसंच्या तसं लागू पडतं.

पहिला हात: इथेच काम ठरतं

वाळलेला दाणा सरळ साच्यात टाकून वर पातळ रेझिन ओतलं की दोन गोष्टी हमखास होतात. दाण्यातून बुडबुड्यांची माळ निघत राहते आणि दाणा करडा पडतो.

करडा का पडतो? पांढरा हलवा पांढरा दिसतो तो आतल्या हवेमुळे. स्फटिक आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरा. साखरेच्या स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा, 1.54 ते 1.57 आणि वाळलेल्या इपॉक्सीचाही (हार्डनर मिसळून घट्ट होणारं नेहमीचं रेझिन) जवळपास तेवढाच. रेझिन फटींत मुरलं की त्या सीमाच नाहीशा होतात आणि प्रकाश आरपार जातो. कागदावर तेलाचा डाग पडला की कागद पारदर्शक होतो ना, तेच इथे घडतं. एकदा मुरलेलं रेझिन बाहेर येत नाही, त्यामुळे करडा पडलेला दाणा पुन्हा पांढरा होत नाही. (खडीसाखरेचं लॉकेट मागणाऱ्यांना मी हेच सांगते. स्वच्छ खडा रेझिनमध्ये इतका मिसळून जातो की पैसे देऊन नुसतं रेझिन गळ्यात घातल्यासारखं वाटेल.)

उपाय एकच, आणि तो बुडबुड्यांवरही चालतो: साच्यात जाण्यापूर्वी दाण्याचं तोंड बंद करायचं. इपॉक्सी मिसळून लगेच लावू नका. ते दाटसर होऊन काडीवरून सावकाश सुटायला लागेपर्यंत थांबा. दाट रेझिन फटींत मुरत नाही आणि काट्याच्या टोकावरही बऱ्यापैकी टिकून राहतं. सिलिकॉनच्या चटईवर दाणे मांडा, बारीक ब्रशने वरची बाजू भरा, वाळू द्या, मग उलटे करून दुसरी बाजू. पुन्हा एकदा तसंच. खाली साचलेलं 'पाऊल' ब्लेडने कापून टाका. ज्यांच्याकडे यूव्ही दिवा आहे त्यांनी दाट यूव्ही रेझिन लावून ताबडतोब दिव्याखाली धरलं तर आणखी बरं, कारण मुरायला वेळच मिळत नाही.

इथे कुणी पांढरा गोंद पातळ करून लावायला सांगितलं तर ऐकू नका. क्राफ्टच्या बऱ्याच चिकट द्रव्यांत पाणी असतं. फुलाला, कागदाला ते चालतं, साखरेला चालत नाही. दाण्याचा वरचा थर विरघळतो आणि ती ओल तुम्ही स्वतःच आत बंद करता. ब्रशने जमत नसेल तर पाणी नसलेला पारदर्शक लॅकर स्प्रे चालतो. दोन-तीन हलके फवारे मारा, प्रत्येकामध्ये पुरेसा वेळ सोडा आणि लॅकरचा वास पूर्ण गेल्यावरच रेझिन ओता.

मग साचा. तळाला 2-3 मिलीमीटरचा थर ओतून तो जेलीसारखा धरू द्या. त्यावर दाणे मांडा, मग वरचा थर. घाई करून एकदम ओतलं की दाणे तरंगून वर येतात किंवा तळाला टेकतात, आणि टेकले की तिथे रेझिनचा नुसता पापुद्रा राहतो. वाळलेलं इपॉक्सीही पाण्याच्या वाफेला शंभर टक्के अडवत नाही, फार हळू का होईना ती आत जाते. म्हणून पापुद्र्यावर भरवसा नको. दाण्याच्या सगळ्या बाजूंनी निदान दोन मिलीमीटर रेझिन असू द्या.

काहींना साचा नकोच असतो. काटा हाताला लागला पाहिजे, हलवा हलव्यासारखा दिसला पाहिजे, असा आग्रह असतो. मला तो पटतो. सपाट गोल चकतीत बसवलेला हलवा दिसायला छान पण जरा निर्जीवच. तसं करायचं तर निव्वळ हात मारून करा, पण कमीत कमी तीन, आणि दर वेळी दाणा फिरवत राहा म्हणजे रेझिन एका बाजूला ओघळणार नाही. असे कानातले सणासुदीला घालायचे, बाकी वर्षभर सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवायचे, आणि मे महिन्यात भिंगाखाली बघून गरज असेल तिथे पुन्हा एक हात द्यायचा. रोजच्या वापराला ते देऊ नका. हलव्याचा मुकुट, कमरपट्टा अख्खाच्या अख्खा टिकवून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. चार-पाच चांगले दाणे निवडा, त्यात आठवण येते.

सगळं लॉकेटच चिकट राहिलं तर

ही तक्रार वेगळी, साखरेशी तिचा संबंध बऱ्याचदा नसतोच. बोट लावून बघा. सगळीकडे सारखं चिकट असेल तर प्रमाण चुकलं आहे. बाटलीवर 2:1 लिहिलेलं असतं, पण ते मापाने की वजनाने ते बारीक अक्षरांत असतं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाचं 2:1 वजनकाट्यावर मोजलं की हार्डनर प्रमाणाबाहेर जातो. लवकर वाळावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घालणं हाही तसाच प्रकार. जास्त घातलेला हार्डनर लवकर वाळवत नाही, तो तसाच आत मोकळा राहतो.

कुठे घट्ट, कुठे चिकट असे पट्टे असतील तर मिसळणं कमी पडलं. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, मग ते दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा थोडं ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला राहिलेलं खरवडून वर ओतायचा मोह टाळा, न मिसळलेलं रेझिन तिथेच असतं.

फक्त दाण्याभोवतीच मऊ असेल तर दाण्यात ओल होती. मागे जा, वाळवण्याचा भाग पुन्हा वाचा.

आणि पावसाळ्यात ओतलेल्या कामावर मेणचट, बोटाला तेलकट लागणारा थर येतो, तो हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेला असतो. हा सगळ्यात सोपा. पूर्ण वाळल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने हलकं घासा, वर नवा हात द्या. धुण्याआधी घासू नका, तो थर आणखी पसरतो. दाणा कुठे उघडा असेल तर मात्र धुवायचंच नाही, उघडा भाग सोडून घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसून भागवा.

यूव्ही रेझिनची गोष्ट थोडी निराळी. हलवा अपारदर्शक, त्यामुळे त्याच्या सावलीत प्रकाश पोचत नाही आणि दाण्याखालचं रेझिन कच्चंच राहतं. पारदर्शक साचा वापरा, पातळ थर द्या आणि दिवा दोन्ही बाजूंनी दाखवा. दाणे मोठे असतील तर पहिला हात यूव्हीचा आणि भराव इपॉक्सीचा, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

बुडबुडे, थंडी, आच

पहिला हात नीट दिला की बुडबुडे बरेच कमी होतात. जे उरतात ते थंडीमुळे. संक्रांतीच्या दिवसांत साताऱ्यात सकाळी रेझिन घट्ट होऊन बसतं आणि हवा सोडत नाही. बंद बाटली दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात उभी करा, बाहेरून खडखडीत पुसून मगच उघडा. काम दुपारी करा.

लायटरची ज्योत वरून फिरवून बुडबुडे फोडतात, ते ठीक, पण ज्योत थांबवू नका, आणि उघड्या दाण्यावर तर मुळीच नाही. साखर पिवळी पडते. टाचणीने फोडायला वेळ लागतो पण ते बिनधोक असतं. एकदम जाड थर ओतू नका. इपॉक्सी धरताना तापतं, आणि जितकं जास्त एका जागी तितकं जास्त तापतं. हलवा ते सोसतो, लिमलेटची गोळी नाही.

लिमलेट, संत्रागोळी, पेपरमिंट यांच्याबद्दल थोडक्यात. पारदर्शक गोळी स्फटिक नसते, ती साखरेची काच असते. पाक साधारण 150 अंशांपर्यंत नेऊन पटकन थंड केलेला, त्यात ग्लुकोज सिरप, आणि पाणी जेमतेम एक-तीन टक्के. ही काच साखरेच्या स्फटिकापेक्षा फार कमी आर्द्रतेला पाणी ओढते आणि थोड्या उष्णतेने मऊ होते. म्हणून वेष्टन काढलं त्याच दिवशी पहिला हात द्यायचा, वाळवायला ऊन नको, नुसतं सिलिका जेल, आणि भराव तीन-चार मिलीमीटरच्या थराथराने. रंगीत बडीशेपेच्या गोळ्या सगळ्यात गुणी, त्यांचं बाहेरचं कवच कडक आणि गुळगुळीत असतं. पहिल्यांदा करणाऱ्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

रंग बदलला तर

बाजारातला रंगीत हलवा खाण्याच्या रंगांनी रंगवलेला असतो. ते रंग पाण्यात विरघळतात, इपॉक्सीत फारसे नाहीत. त्यामुळे दाण्याभोवती रंगाचं वलय दिसलं तर ती पुन्हा ओलीचीच खूण. घरी हळद घालून केलेला पिवळा हलवा मात्र कोरडा असूनही लालसर पडू शकतो. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो हे कुणाला सांगायला नको. हार्डनरही साबणासारखाच अल्कधर्मी, त्याच्या संगतीत हळद तेच करते. वर हळदीचा रंग उजेडातही टिकत नाही. तिथे दाण्याला आधी लॅकरचा हात द्या, किंवा पिवळ्याचा हट्ट सोडा.

रेझिन स्वतः पिवळं पडतं ते मुख्यतः उन्हामुळे. बाटलीवर यूव्हीरोधक लिहिलेलं असलं तरी वेग कमी होतो इतकंच. लॉकेट खिडकीत टांगू नका, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. तिथल्या आचेने बरीचशी घरगुती वापराची इपॉक्सी मऊ होऊन वाकतात.

कंदी पेढ्याची अंगठी

साताऱ्यात हे काम करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. उत्तर: होत नाही. पेढ्यात खव्याचं तूप आहे, ओल आहे, दूध आहे. तूप सुटून रेझिनची पकड जाते, रंग काळवंडतो, आणि आतल्या आत तो खवट होत राहतो. पाचगणीच्या फळांच्या जेल्याही तशाच, त्यांच्यात भरपूर पाणी. हळूहळू आकसतात, रेझिनपासून सुटतात आणि मधल्या पोकळीमुळे भोवती रुपेरी चमक येते. लोकांना ती चमक सुरुवातीला आवडते, मग तिथे थेंब दिसायला लागतात. चिक्कीतला गूळ साखरेपेक्षा जास्त ओल धरतो आणि शेंगदाण्याला तेल सुटतं. चॉकलेट तीस-पस्तीस अंशांतच वितळतं, रेझिनची धरतानाची ऊब त्याला पुरते. यांपैकी काही हवंच असेल तर पॉलिमर क्लेची (भाजून घट्ट होणाऱ्या कृत्रिम मातीची) प्रतिकृती करा. कंदी पेढ्याचा तपकिरी खरखरीतपणा क्लेवर जुन्या टूथब्रशने टोचून बेमालूम येतो, आणि ओळखीचे लोक खरा समजून वास घेऊन बघतात.

बाकीची काळजी

नायट्राइलचे हातमोजे घाला. इपॉक्सीची आणि यूव्ही रेझिनचीही ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जात नाही. खिडकी उघडी ठेवा, घासताना मास्क लावा, आणि स्वयंपाकघरातले चमचे-वाट्या या कामाला लावून पुन्हा ओट्यावर नेऊ नका. बोरन्हाणाच्या हलव्याचं लॉकेट बाळाच्याच गळ्यात घालायची इच्छा होते, पण ते तोंडात जाणार हे नक्की. दाणा खाऊ म्हणून ओळखीचा, पण आता तो खाण्यालायक राहिलेला नाही. आईच्या गळ्यात घाला.

आधीच घामेजलेलं लॉकेट वाचतं का?

वरून रेझिनचा आणखी एक थर देऊन नाही. बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात, आणि त्याने आतला पाक कायमचा आत बसतो. आधी ओल बाहेर काढायची. पाक जिथून झिरपतो ती जागा शोधा. सापडत नसेल तर मागच्या बाजूने, पाकाच्या जागेपर्यंत पोचेल असं बारीक भोक पाडा. पाक कापसाने टिपा, पाण्याने धुऊ नका. मग लॉकेट भोक खाली करून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि वजन स्थिर होईपर्यंत हलवू नका. दाण्यांना आठवडा पुरतो, याला कित्येकदा महिना लागतो, कारण ओल त्या एवढ्याशा भोकातूनच निघायची असते. पाक आटून तिथे साखरेचे दाणे धरतात, थोडा पांढुरका डाग राहतो. तो स्वीकारावा लागतो. त्यानंतर दाट यूव्ही रेझिनने भोक बंद करा आणि दिव्याखाली धरा.

अर्ध्याहून जास्त दाणा विरघळला असेल तर एवढी खटपट करू नका. डब्यात जपून ठेवलेला दुसरा दाणा असेल तर तो घेऊन नवीन करणं सोपं. दुरुस्त केलेलं लॉकेट लगेच गळ्यात घालू नका. टिश्यू पेपरात गुंडाळून, डबीत न घालता, पावसाळ्यातले पंधरा दिवस उघड्या फळीवर ठेवा. कागदाला चिकट डाग आला नाही, तर फट बंद झाली आहे.